फुलं भरपूर, सेटिंग नाही: मधमाश्यांच्या पेट्या आणू का?

वाचकाचं पत्र: सासऱ्यांचं आजारपण झालं आणि बागेचं सगळं माझ्याकडे आलं. आता दोन वर्षं होतील. तीन एकर डाळिंब आहे, दोन एकर कलिंगड. गेल्या बहारात डाळिंबाला इतकी फुलं लागली की येणारा-जाणारा थांबून बघायचा, पण सेटिंग, म्हणजे फळधारणा, झालंच नाही. झाडाखाली नुसता फुलांचा सडा. कलिंगडं लागली, पण निम्मी एका टोकाला निमुळती आणि वाकडी. व्यापाऱ्याने ती बाजूला काढली. कुणी सांगतं टॉनिक मारा, कुणी सांगतं मधमाश्यांच्या पेट्या आणा. मामंजी म्हणतात, ‘फूल आपोआप फळतं. आमच्या वेळी कुणी पेट्या आणल्या होत्या?’ एका मधपाळांना फोन केला, तर त्यांनी माझं काही ऐकण्याआधीच फवारणीचं वेळापत्रक मागितलं. ते मला जरा लागलंच. घरात दोन लहान मुलं आहेत, त्यामुळे माश्यांची भीतीही वाटते. पेट्या आणू का? आणल्या तर किती?

ताई,

तुमच्या पत्रात दोन पिकांची दोन दुखणी आहेत, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना एकच औषध सांगितलंय. कलिंगडासाठी माझं उत्तर ‘हो, आणा’ असं आहे. डाळिंबासाठी मात्र मी अजून हो म्हणणार नाही. तिथे आधी एक छोटी तपासणी करा. ती तुम्हाला स्वतःलाच करता येईल आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

आधी कलिंगड. वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मादी फुलाच्या देठाशी आधीपासूनच बोराएवढं केसाळ कलिंगड असतं. नर फुलं कितीतरी जास्त, मादी थोडी. मादी फूल एकाच सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. दुसऱ्या दिवशी त्याला संधी नाही. त्या चार-पाच तासांत नर फुलातला चिकट पराग कुणीतरी उचलून त्याच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधोमध पराग झेलणाऱ्या भागावर, आणून टाकायला हवा. तो वाऱ्याने उडत नाही. कुक्षीचे तीन भाग असतात. फळ सगळीकडून सारखं भरायचं तर पाचशे ते हजार परागकण त्या तिन्ही भागांवर पसरून पडावे लागतात. एका माशीच्या एका फेरीत हे होत नाही, त्याच फुलाला आठ-दहा वेळा तरी भेट घडावी लागते. भेटी कमी झाल्या तर फळ धरतच नाही, किंवा धरतं पण एका बाजूची बीजांडं (ज्यांची पुढे बी होते ती) फळतात आणि दुसऱ्या बाजूची तशीच राहतात. बी जिथे तयार होतं तिथला गर वाढतो, कारण वाढीची संप्रेरकं बीच पुरवत असतं.

तुमचं वाकडं कलिंगड हे असंच झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. खात्री करायची तर या वेळी एक निमुळतं फळ उभं चिरा आणि दोन्ही टोकांच्या काळ्या, टणक बिया बघा. निमुळत्या टोकाला त्या तुरळक असतील, त्यांच्या जागी पांढरी पोकळ टरफलं दिसतील, तर परागीभवन अपुरं पडलंय असं समजा. (तुमचं वाण बिनबियांचं असेल तर ही खूण चालणार नाही. पण मग दुसरी गोष्ट तपासायला हवी. बिनबियांच्या वाणाचा स्वतःचा पराग निकामी असतो, म्हणून दर तीन-चार वेलांमागे एक वेल बियांच्या वाणाचा लावावाच लागतो. तो लावला नसेल, तर शंभर पेट्या आणूनही फळ धरणार नाही.)

आता डाळिंब. झाडाखालचा सडा बघून जीव हलतो, मला कळतं. पण त्या सड्यातली मूठभर फुलं उचला आणि त्यांची बुडं बघा. ज्याचं बूड घड्यासारखं फुगीर आहे, ते फळ धरू शकणारं फूल. आपण त्याला मादी कळी म्हणतो, खरं तर त्यात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. ज्याचं बूड निमुळतं आणि आकार घंटेसारखा आहे, ती नर कळी. ती पराग देते आणि गळते. तिचं काम तेवढंच, तिच्यातून फळाची अपेक्षा नाही. शंभर गळलेली फुलं वेचून दोन ढीग करा. ऐंशी-नव्वद नर कळ्या निघाल्या तर निम्मी चिंता तिथेच मिटली, कारण ती गळ होणारच होती. मग विचारायचं ते असं, की झाडाने मादी कळ्या इतक्या कमी का काढल्या? त्याची कारणं पाण्याच्या ताणात, खतात, तापमानात, छाटणीत शोधावी लागतात. मधमाशी नर कळीची मादी कळी करू शकत नाही.

पण ढिगात घड्यासारखी फुलं बरीच निघाली, तर मग पुढचं पाऊल. हे मी प्रत्येक बागायतदाराला सांगतो आणि फार थोडे करतात, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितोय.

बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली दहा झाडं निवडा. प्रत्येक झाडावर आज-उद्या उमलतील अशा सहा मादी कळ्या हेरा. दोन कळ्यांना पांढरा दोरा बांधा आणि त्यांना हात लावू नका, बागेत जे होईल ते होऊ दे. दोन कळ्यांना लाल दोरा बांधा. त्या उमलल्या की सकाळी दुसऱ्या झाडावरची ताजी नर कळी तोडून तिचे पिवळे पुंकेसर मधल्या कुक्षीवर हलक्या हाताने फिरवा, दुसऱ्या सकाळी परत एकदा. उरलेल्या दोन कळ्यांवर उमलण्याआधीच मच्छरदाणीच्या कापडाची छोटी पिशवी चढवा आणि पिवळा दोरा बांधा. पाकळ्या सुकल्या की पिशवी काढून टाका. तीन-चार आठवड्यांनी कुठल्या रंगाची वीसपैकी किती फळं टिकली ते मोजा.

लाल दोऱ्याची फळं पांढऱ्यापेक्षा खूप जास्त टिकली, तर तुमचं झाड फळायला तयार होतं, त्याला पराग मिळत नव्हता. मग पेट्यांवर जरूर खर्च करा. लाल आणि पांढरी दोन्ही सारखीच कमी टिकली, तर हाताने भरभरून पराग देऊनही झाड फळ धरत नाहीये. दुखणं मुळाशी, पाण्याशी किंवा रोगाशी आहे आणि पेट्या आणून पैसे वाया जातील. दोन्ही सारखीच चांगली टिकली, तर बागेत येणाऱ्या माश्या सध्या पुरेशा आहेत. पिवळा दोरा सांगेल की कुणाच्या मदतीवाचून डाळिंब स्वतः किती निभावतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. झाडावर मोजक्याच फुलांना भरपूर पराग मिळाला की झाड आपली ताकद त्यांच्याकडे वळवतं, म्हणून लाल दोऱ्याचा आकडा थोडा फुगतो. वीसात दोन-तीन फळांच्या फरकावरून निर्णय घेऊ नका. फरक नजरेत भरणारा असला पाहिजे.

टिकलेल्या फळांतलं एकेक पुढे पिकल्यावर फोडूनही बघा. डाळिंबाचा प्रत्येक दाणा म्हणजे फळलेलं एक बीजांड. म्हणजे दाण्यांची संख्या फुलाला पराग मिळाला त्या दिवसांतच बरीचशी ठरून जाते. नंतर दिलेलं खत दाणा मोठा करेल, पण नवा दाणा घालणार नाही. टॉनिकचंही तसंच आहे. ज्या फुलाला परागच पोचला नाही त्याला टॉनिक काय देणार?

मामंजींना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका, कारण त्यांचं चुकलेलं नाही. द्राक्षाचं फूल खरंच आपल्याच परागावर फळतं, आणि केळीला परागाची गरजच लागत नाही. शिवाय त्यांच्या काळात बांधावर झुडपं होती, पडीक तुकडे होते, फुलोऱ्यात फवारणी कमी होती. रानातल्या माश्या हे काम करून जायच्या आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. जे फुकट आणि न मागता होत होतं ते ‘आपोआप’ वाटणारच. त्यांना एवढंच विचारा, की तेव्हा बागेत कुठल्या-कुठल्या माश्या दिसायच्या? आग्या कुठे बसायची, फुलोरी कुठल्या झुडपात असायची? मला खात्री आहे, ते अर्धा तास बोलतील. त्यातून तुमच्या बागेचं काय हरवलंय ते कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त कळेल.

फळ ‘आपोआप’ धरतं हा समज मोठमोठ्या बागायतदारांचाही होता. अमेरिकेत १८९० च्या दशकात तिथल्या कृषी खात्याचे मर्टन वेट व्हर्जिनियातल्या नासपतीच्या एका प्रचंड बागेत गेले. सगळी झाडं एकाच जातीची, बार्टलेट. फुलं उदंड, फळं नाहीत. वेट यांनी फुलांवर पिशव्या चढवून, हाताने पराग देऊन, म्हणजे मी वर सांगितली तशीच तपासणी करून दाखवलं, की ही जात स्वतःचा पराग स्वीकारत नाही, तिला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. सफरचंदाच्या बागेत मधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं लावतात ती याच कारणाने. किवीचे नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात. तिथला शेतकरी मादी वेलांमध्ये नर वेल कुठे बसवायचे हे लावणीच्या आधी कागदावर आखतो. आणि मँडरिनच्या काही बिनबियांच्या जाती पिकवणारे याच्या बरोबर उलट, फुलोऱ्यात झाडांवर जाळी पांघरतात, कारण मधमाशीने शेजारच्या बागेतला पराग आणला की फळात बी धरतं. म्हणून शेजाऱ्याने केलं ते आपण केलं, असं परागीभवनात चालत नाही. आपलं पीक, आपलं वाण आणि आपलं फूल बघूनच ठरवावं लागतं.

आता त्या मधपाळांबद्दल. त्यांनी आधी फवारणीचं विचारलं याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याने हा प्रश्न विचारला नसता त्याच्यावर मी कमी भरवसा ठेवला असता.

मी स्वतः हे फार वाईट तऱ्हेने शिकलो. खरबुजाच्या प्लॉटमध्ये पेट्या ठेवलेल्या होत्या. फुलकिडे वाढलेले दिसले, घाबरलो आणि सकाळी आठला पंप चालू केला. मधपाळांना कळवलं नाही, तेवढं सुचलंच नाही. दुपारी पेट्यांसमोर माश्यांचा थर पडला होता. काही अजून जमिनीवर गोल-गोल फिरत होत्या, मेलेल्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या. ते गृहस्थ संध्याकाळी आले, पेट्या उघडून पाहिल्या, एक शब्द बोलले नाहीत. रात्री पेट्या गाडीत चढवून घेऊन गेले. मी भरपाई दिली, पण त्या माणसाचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आणि प्लॉटमध्ये फुलं तर उमलतच होती.

म्हणून फवारणीचं नीट ठरवा. फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो नकोच. फांदी पांढऱ्या कागदावर झटकून फुलकिडे मोजा, खरोखर नुकसान होण्याइतके आहेत का ते बघा, आणि जे करायचं ते कळ्या फुटण्याआधी उरका. अगदी टाळता येण्यासारखं नसेल तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर मारा. यातही तुमच्या दोन पिकांत फरक आहे. कलिंगडाची फुलं संध्याकाळी मिटलेली असतात आणि सकाळी नवी उमलतात, त्यामुळे रात्रीची फवारणी तुलनेने सोसते. डाळिंबाचं फूल एकाहून जास्त दिवस उघडं राहतं. रात्री मारलेलं औषध सकाळी त्याच फुलात माशीची वाट बघत असतं. तिथे रात्रीची फवारणी म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका. औषधाच्या लेबलवर मधमाश्यांबद्दलची सूचना असते, ती वाचाच. बुरशीनाशक म्हणजे माशीला निर्धोक, हेही खरं नाही. काही बुरशीनाशकं कीटकनाशकात मिसळली की कीटकनाशकाचं विष माशीसाठी कितीतरी जास्त तीव्र होतं. आणि झाडांखालचं तण फुलावर असेल तर माश्या तिथेही असतात, हे फवारताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

चीनच्या सिचुआन प्रांतात हानयुआन भागातले शेतकरी काठीला पिसं बांधून नासपतीच्या फुलाफुलाला हाताने पराग लावतात. ‘तिथल्या माश्या संपल्या’ एवढंच सगळीकडे सांगितलं जातं. खरं कारण इतकं सरळ नाही. एकाच जातीची झाडं फार लावली गेली, पराग देणाऱ्या जाती मागे पडल्या, फुलोऱ्यात हवा वाईट असते, आणि फवारणी इतकी की मधपाळ तिथे पेट्या न्यायला तयार होत नाहीत. तुमच्या मधपाळांच्या त्या एका प्रश्नामागे हे सगळं आहे. त्यांना परत फोन करा, वेळापत्रक द्या, आणि फवारणीच्या दोन दिवस आधी कळवीन असं लिहून द्या.

मग पेट्या किती, हे बघू. कलिंगडाला एकरी एक ते दोन सशक्त वसाहती, म्हणजे माश्यांनी भरलेल्या पेट्या, हे साधारण प्रमाण मानतात, बिनबियांच्या वाणाला दोनच्या बाजूने. तुमच्या दोन एकरांना तीन-चार पेट्यांपासून सुरुवात करा. डाळिंबाचं दोऱ्यांच्या मोजणीनंतर ठरवू. पण आकड्यापेक्षा पेटीत काय आहे ते महत्त्वाचं. अर्धी रिकामी पेटी फुलांवर फारशा माश्या पाठवू शकत नाही, कारण तिच्यातल्या बऱ्याच माश्या घर सांभाळण्यातच अडकलेल्या असतात. कॅलिफोर्नियात बदामाच्या दहा लाखांहून जास्त एकरांवर फेब्रुवारीत फुलोरा येतो. तिथे एकरी साधारण दोन पेट्या लावतात आणि करारात किमान किती फ्रेम (पेटीत उभ्या लावलेल्या पोळ्याच्या चौकटी) माश्यांनी झाकलेल्या हव्यात हे लिहिलेलं असतं. युरोपियन मधमाशीच्या पेटीत आठ फ्रेम भरलेल्या असाव्यात, ही तिथली नेहमीची अपेक्षा. तुम्हीही मधपाळांना पेटी उघडून दाखवायला सांगा. यात अविश्वास नाही, चांगला मधपाळ आनंदाने दाखवतो. फ्रेम माश्यांनी झाकलेल्या आहेत का, अंडी-अळ्या आहेत का, ते बघा. अळ्या असल्या की त्यांना भरवायला पराग लागतो, आणि पराग गोळा करणारी माशी मधासाठी येणारीपेक्षा आपल्या जास्त कामाची. नंतर रोज सकाळी पाच मिनिटं पेटीच्या दाराशी बाजूला उभं राहून मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन परतणाऱ्या माश्या बघा. तेवढ्यावरून काम चाललंय की नाही हे कळतं.

पेट्या आणण्याची वेळ बहुतेक जण चुकवतात. लवकर आणल्या तर माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलोऱ्याकडे वळतात आणि एकदा गोडी लागली की तिकडेच जात राहतात. नासपतीच्या फुलातल्या मकरंदात साखर इतकी कमी असते की नासपतीचे शेतकरी फुलोरा सुरू झाल्याशिवाय पेट्या आत घेत नाहीत. कलिंगडाला पहिली मादी फुलं दिसली की आणा, डाळिंबाला दहा टक्के फुलं उमलल्यावर. आणताना रात्री आणा. सकाळचं ऊन, दुपारची सावली, वाऱ्याला आडोसा आणि जवळच स्वच्छ पाणी अशी जागा द्या. पाण्यात काड्या किंवा खडे ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. पाणी दिलं नाही तर त्या फवारणीच्या टाकीजवळच्या डबक्यावर जातील.

मुलांबद्दल तुमची काळजी रास्त आहे. पेट्या घरापासून आणि पायवाटेपासून लांब, प्लॉटच्या कडेला ठेवा, दार माणसांच्या वाटेकडे नको. माशी फुलावर असताना सहसा चावत नाही, घरावर कुणी आलं की चावते. म्हणून पेटीच्या समोर उभं राहायचं नाही आणि पेटी हलवायची नाही, एवढे दोन नियम मुलांना आणि मजुरांना सांगून ठेवा. नांगी लागलीच तर लगेच नखाने खरवडून काढा. कुणाला अंगभर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर थांबून बघू नका, थेट दवाखान्यात न्या. आधी कुणाला असा त्रास झालाय का, हे मजुरांना पेट्या आणण्यापूर्वीच विचारा.

आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. भाड्याच्या पेट्या हंगामापुरत्या. बांधावरच्या माश्या तुमच्या स्वतःच्या. जगभरातल्या ४१ पीकपद्धतींचा मिळून एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीव मधमाश्या कितीही असल्या तरी रानमाश्यांच्या भेटींनी फळधारणा आणखी वाढते, असं त्यात दिसलं. दोघींच्या कामाची तऱ्हा वेगळी, एक दुसरीची जागा घेत नाही. रानमाश्यांच्या बहुतेक जाती जमिनीत बिळं करून राहतात. त्यांना न नांगरलेली, उघडी, कोरडी पट्टी लागते. भुंग्याला वाळलेलं लाकूड लागतं. बांधावर तणनाशक मारणं थांबवा, वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी झुडपं राहू द्या. कुठली झुडपं, ते मामंजींना विचारा. त्यांना आजारपणानंतर बागेत हे एक काम देता येईल.

दोरे बांधताना प्रत्येक झाडाचा नंबर आणि तारीख पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून अडकवा. पेनाची शाई दवाने पसरते आणि महिन्याने काही वाचता येत नाही. मोजणी झाली की पांढरे, लाल, पिवळे असे तिन्ही आकडे मला कळवा, आणि चिरलेल्या कलिंगडाच्या बियांचंही लिहा. डाळिंबाच्या पेट्यांचं ते बघून ठरवू.